अकरावं नाव

सोमवार म्हणजे धुण्याचा वार. लिंडवार्डमध्ये एवढ्या एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं.

बाकी गाव सरळ दोन फाकींचं होतं. कॅथलिकांचं देऊळ बांधाच्या वरच्या अंगाला, प्रॉटेस्टंटांचं खालच्या अंगाला. शाळा दोन, बेकऱ्या दोन, बँडपथकं दोन आणि आजाऱ्यांना बघायला येणाऱ्या नर्सबाईही दोन. इतकंच काय, शेळ्या पाळणाऱ्यांचे संघसुद्धा दोन होते. कॅथलिक बोकड प्रॉटेस्टंट शेळीकडे कधी गेला नाही. ओडा कुपर्सच्या दारासमोरच गेरिटची बेकरी होती. पहाटे तिच्या खिडकीतून ताज्या पावाचा वास आत यायचा. पण पंधरा वर्षांच्या संसारात तिने तिथला एक पावही घेतला नव्हता. आपला पाव आपल्या बेकरीतून, त्यासाठी पाऊण मैल चालावं लागलं तरी. गेरिटची बायको हिल्ला तशीच. दुधासाठी ती ओडाच्या दारावरून पलीकडच्या टोकाला जायची. दोघी एकमेकींना "शेजारीणबाई" म्हणायच्या, हवापाण्याची दोन वाक्यं बोलायच्या आणि आपापल्या वाटेला लागायच्या.

कालव्यावर धुणं खळबळायचे लाकडी घाटही दोन. मधे दहा पावलांचं अंतर. पाणी मात्र एकच, वरच्या घाटावरचा साबणाचा फेस खालच्या घाटाकडे वाहत जायचा. "आमची घाण तुमच्याकडे," असं वरच्या बायका हसत म्हणायच्या. "म्हणून तर आम्हाला दुप्पट खळबळावं लागतं," असं खालून उत्तर यायचं.

हे सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरापर्यंतचं. त्या महिन्यातल्या एका सोमवारी हिल्लाचा चार वर्षांचा आरी खालच्या घाटावरून घसरला.

कुणी ओरडलं तेव्हा ओडा चादर पिळत होती. तिला पोहता येत नव्हतं. तिथल्या एकाही बाईला येत नव्हतं. आरीचं डोकं एकदा वर आलं, एकदा खाली गेलं. ओडा ती दहा पावलं कशी धावली ते तिलाही आठवत नाही. फळीवर पालथी पडून तिने ओली चादर पाण्यावर भिरकावली. ओल्या चादरीला वजन असतं, ती लांब गेली. पोराच्या मुठीत तिचं टोक आलं आणि त्याने ते जे धरलं ते सोडलं नाही. मागून हिल्लाने ओडाचे पाय धरले, दोघींनी मिळून त्याला ओढून काढलं. पोर ओकलं, रडलं, आणि मग निळ्या ओठांनी विचारलं, "आई, माझा बूट?"

तेव्हा दोघी हसल्या आणि लगेच रडल्या.

दहा वर्षांत त्या कालव्याने तीन मुलं नेली होती, दोन वरची आणि एक खालचं. प्रत्येक वेळी पंचायतीत पोहण्याच्या तलावाचा विषय निघायचा. नदीकाठाला एक चर खणायचा, फळ्या ठोकायच्या, शिकवायला एक माणूस ठेवायचा, एवढंच काम. पण कॅथलिक म्हणत, मुलं-मुली एका पाण्यात? शोभतं का हे? प्रॉटेस्टंट म्हणत, रविवारी उघडा राहणार असेल तर एक फळीसुद्धा ठोकू देणार नाही. आणि दोन्हीकडचे लोक समाधानाने घरी जात.

त्या संध्याकाळी ओडा बांधावरच्या मरियामाऊलीच्या देवळीपाशी गेली. गुडघे टेकून तिने मनातल्या मनात नेम धरला: लिंडवार्डची मुलं पोहायला शिकेपर्यंत रोज इथे येऊन एक जपमाळ, आणि तोवर कॉफीत साखर नाही. साखरेचं ऐकायला किरकोळ वाटतं. पण ओडाला कॉफी तीन खड्यांची लागायची. सकाळचा पहिला कडू घोट घेताना रोज तो निळा ओठ तिच्या डोळ्यांपुढे यायचा. तिला तेच हवं होतं.

*

पुढच्या मे महिन्यात पंचायतीची निवडणूक होती. लिंडवार्डमध्ये निवडणूक म्हणजे शिरगणतीच. कॅथलिक पक्षाचे पुढारी वाउटर्ससाहेब लोण्याच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. ते महिनाभर आधी कारखान्यातल्या फळ्यावर खडूने निकाल लिहून ठेवत. कॅथलिक मतदार सहाशे चार. प्रॉटेस्टंट पाचशे एकवीस. लाल बावटेवाले एकोणतीस. म्हणजे अकरापैकी सहा जागा आपल्या, पाच त्यांच्या. मतदानाला जाणं कायद्याने सक्तीचंच होतं, त्यामुळे पाचदहा मतंही इकडची तिकडे होत नसत. फळ्यावरचा आकडा चुकलाय असं कुणाला आठवत नव्हतं.

त्या वर्षी कॅथलिक बायकांच्या मंडळाने जरा धीटपणे विचारलं, "यादीत एखादी बाई का नको?" वाउटर्ससाहेबांना हरकत दिसली नाही. त्यांनी ओडाला बोलावलं. तिचा नवरा ड्रीक त्यांच्याच कारखान्यात घुसळणीवर होता, शिवाय आरीच्या प्रकरणानंतर तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

"ओडाबाई, तुमचं नाव अकरावं घालतो," ते म्हणाले. "यादीच्या शेपटीला एखादी रिबीन असली की बरी दिसते."

"आणि तलावाचं काय, साहेब?"

"कसला तलाव?"

"पोहण्याचा."

साहेब मनापासून हसले. "बाई, लोक पहिल्या नावापुढचा चौकोन रंगवतात. पक्षाला मत म्हणजे पहिल्याला मत. अकरावं नाव छापतात ते कागद भरावा म्हणून. तुम्ही निश्चिंत असा, तुम्हाला काही करावं लागणार नाही."

ओडा "बरं" म्हणाली आणि घरी आली. पण "काही करावं लागणार नाही" हे तिच्या मनात काट्यासारखं राहिलं. दुसऱ्या दिवशी अंडी द्यायला म्हणून ती ग्रामकचेरीत गेली आणि म्हाताऱ्या कारकूनबुवांना हळूच विचारलं, "कुणी पहिला चौकोन सोडून शेवटचा रंगवला, तर मत बाद होतं का हो?"

कारकूनबुवांनी चष्मा वर ढकलला. "मुळीच नाही. यादीतला कुठलाही एक चौकोन लाल करायचा. एखाद्याच्या नावापुढे पुरेशी मतं पडली तर तो वरच्यांना ओलांडून निवडून येतो. कायदाच आहे. तीस वर्षांत इथे कुणी वापरला नाही, एवढंच."

"पुरेशी म्हणजे किती?"

"एका जागेला शंभरेक मतं धरा. तेवढी मिळाली तर देवसुद्धा अडवणार नाही."

"देव कशाला अडवेल?" ओडा म्हणाली आणि अंड्यांची टोपली तिथेच विसरून निघाली.

ड्रीकला तिने रात्रीच्या जेवणाला सांगितलं. त्याने बटाटा काट्यावर तसाच धरून ठेवला. "अगं बये, तो माझा साहेब आहे!"

"मत आपल्याच यादीला जातंय की. मी कुणाला फोडत नाहीये."

"शंभर बायका तुझं ऐकतील?"

"सोमवारी विचारते."

*

सोमवारी तिने भाषण केलं नाही. ते तिला जमलंच नसतं, तिचा आवाज मुळात इतका हळू की देवळातल्या भजनातसुद्धा शेजारणीला तो ऐकू यायचा नाही. खळबळताना तिने उजवीकडच्या बाईला सांगितलं, मग डावीकडच्या. "कागद हातात आला की वर बघायचं नाही. बोट लावून खाली खाली यायचं. जिथे नावं संपतात तिथे मी आहे."

"अगं, पण आमच्या यांनी विचारलं तर?" एकीने म्हटलं.

"पडद्याआड 'हे' येतात का?"

"तिथे तरी नाही येत!" आणि घाटभर हशा पिकला.

दहा पावलांवर खालच्या घाटावरचं खळबळणं थांबलं होतं. तिथल्या बायका ऐकत होत्या. मग हिल्ला उठली. ओले हात एप्रनला पुसत ती दहा पावलं चालून वरच्या घाटावर आली. तिच्या पंथाची बाई त्या फळीवर पहिल्यांदाच उभी राहत होती.

"शेजारीणबाई," हिल्ला म्हणाली, "तलाव रविवारी बंद राहील?"

ओडाने क्षणभर विचार केला. "बंद राहील. रविवारी आम्हालाही देव आहेच."

"शब्द?"

"शब्द."

हिल्लाने मान हलवली. "आमचे पाळक म्हणतात, बाईने मत द्यायला जावं ते कायद्यासाठी, आणि नवरा सांगेल तो चौकोन रंगवावा. सात निवडणुका मी गेरिट सांगेल ते केलं." ती जरा थांबली. "पण आरी बुडत होता तेव्हा गेरिट पिठात होता."

"हिल्ला, तुझ्या लोकांना कळलं तर?" ओडाने विचारलं. पहिल्यांदाच तिने तिला नावाने हाक मारली होती.

"कसं कळेल? आणि मला तरी कसं कळणार माझ्यासारख्या किती आहेत ते? आमच्याकडे असलं तोंडाने बोलत नाहीत." तिने खालच्या घाटावरच्या आपल्या टोपलीकडे पाहिलं. मग तिला काहीतरी सुचलं. "मतदानाच्या आधीच्या सोमवारी दोरीवर बघा. जी देणार असेल ती धुण्याच्या अगदी शेवटी एक पांढरा अभ्रा टांगेल. एकटा. एप्रनांच्याही नंतर."

"आणि पुरुषांच्या लक्षात आलं तर?"

"पुरुषांच्या?" हिल्लाने विचारलं. "दोरीवरचं?"

या वेळी दोन्ही घाट हसले.

*

गावात गोष्ट फार दिवस दबून राहत नाही. दुसऱ्या आठवड्यात फादर हॉल्टन यांनी ओडाला पाद्रीघरात बोलावलं. फादर वयाने मोठे, मनाने वाईट नव्हते. पण कळपातलं एकही मेंढरू इकडेतिकडे झालं की त्यांची झोप उडायची.

"ओडा, तू आपल्या लोकांत फूट पाडतेस असं ऐकतो."

"नाही फादर. मत आपल्या यादीतच राहतं. मी फक्त म्हणते, जरा खाली उतरा."

"खाली उतरा! आणि पलीकडच्या बायकांशी तुझं काय बोलणं चाललंय?"

ओडाने मांडीवरचे हात घट्ट धरले. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "पलीकडचं मेंढरू आपण होऊन आपल्या दारात आलं, तर हाकलून देऊ का, फादर?"

फादरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. "मुलं आणि मुली एकत्र?"

"मुलींना सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुलांना मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारी कुलूप."

"हे तू ठरवलंस?"

"कुणीतरी ठरवायला हवं होतं. तिन्ही लेकरांना तुम्ही अन् त्यांच्या पाळकांनी मातीआड केलंत, फादर. चौथं तुमच्या हातून मातीआड जायला नको."

फादरांनी तिला कॉफी विचारली. कॉफी आली, साखरेचं भांडं पुढे आलं. ओडाने ते हलकेच मागे सारलं. फादरांनी काही विचारलं नाही, पण नेम ओळखणारा माणूस होता तो.

दर निवडणुकीच्या आधीच्या रविवारी फादर प्रवचनाच्या शेवटी एकच वाक्य म्हणत: "आपल्या यादीला मत द्या, आणि आपल्या यादीतल्या पहिल्या नावाला द्या." वीस वर्षं ते वाक्य बदललं नव्हतं. त्या रविवारी ते म्हणाले, "आपल्या यादीला मत द्या." मग थांबले. सगळं देऊळ पुढचे शब्द ऐकायला थांबलं. पहिल्या बाकावर वाउटर्ससाहेबांनी मान वर केली. फादरांनी क्रूसाची खूण केली आणि प्रवचनपीठावरून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आभाळ लख्ख, वारा नदीकडून. ओडा जपमाळ घेऊन बांधावर निघाली. बांधावरून दोन्ही बाजूंची परसं दिसत होती. वरच्या अंगाला तिच्या घरापासून सुरुवात झाली. चादरी, शर्ट, एप्रन, आणि सगळ्यांत शेवटी एकटा पांढरा अभ्रा. पुढच्या घरी अभ्रा. त्याच्या पुढच्याही. ती पुटपुटत होती, "नमो मरिये, कृपापूर्णे," आणि एकेका मण्याला एकेक परस मागे पडत होतं. मग ती मागे फिरली आणि खालच्या अंगाची परसं बघत आली. पहिल्या परसात नव्हता. दुसऱ्यात नव्हता. बेकरीच्या मागे हिल्लाचा फडफडत होता. ओडाने श्वास सोडला. मग आणखी एक. मग तीन घरं काही नाही. मग चक्क पाळकांच्या परसात, पाळकांच्या काळ्या पायमोज्यांनंतर, एक लहानसा, कडेला जाळी लावलेला अभ्रा वाऱ्यावर उड्या मारत होता.

ओडाचं बोट मण्यावर थांबलं. कितवा मणी होता ते ती पार विसरली. तिला पुन्हा पहिल्यापासून जप करावा लागला, आणि त्या दिवशी तिने तो आनंदाने केला.

*

मतदान बुधवारी होतं, शाळेच्या सभागृहात. पाच वाजता दारं बंद झाली. सात वाजता कारकूनबुवा कागद घेऊन पायरीवर आले, तेव्हा ऊन अजून चांगलं वर होतं आणि अख्खं गाव अंगणात होतं. वरचे डावीकडे, खालचे उजवीकडे.

"लाल बावटा, एकोणतीस," कारकूनबुवांनी वाचलं. बरोबर. वाउटर्ससाहेबांनी मान डोलावली.

"प्रॉटेस्टंट यादी, चारशे चोपन्न."

उजवीकडे कुजबुज झाली. "चारशे किती?" गेरिट ओरडला.

"कॅथलिक यादी, सहाशे एकाहत्तर."

कुणीतरी मागून म्हणालं, "फादर, तुमच्याकडे मेलेलेही उठून मत द्यायला लागले का?"

"चूक झाली आहे!" वाउटर्ससाहेब स्वतःच पुढे आले. जास्त मतं मिळाली म्हणून तक्रार करणारा पुढारी लिंडवार्डने प्रथमच पाहिला. "आमचे मतदार सहाशे चार आहेत. फळ्यावर लिहिलंय मी! पुन्हा मोजा!"

"मोजाच!" गेरिटने री ओढली. "आमच्या पंथातला एकही माणूस असलं करणार नाही."

"माणूस नाही करणार," हिल्ला त्याच्या शेजारी उभी राहून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर देवळातल्यासारखा भाव होता.

पुन्हा मोजलं. अर्ध्या तासाने कारकूनबुवा बाहेर आले, घसा साफ केला. "एक कागद चुकून दुसऱ्या गठ्ठ्यात होता. प्रॉटेस्टंट चारशे त्रेपन्न. कॅथलिक सहाशे बहात्तर. सात जागा, आणि चार."

आता डावीकडे टोप्या उडाल्या. सातवी जागा! वाउटर्ससाहेबांचा चेहरा उजळला, त्यांनी हात वर केले. "मित्रहो, हा आपल्या एकजुटीचा—"

"साहेब, अजून संपलं नाही," कारकूनबुवा म्हणाले. "नावनिहाय. क्रमांक एक, वाउटर्स, दोनशे सत्त्याऐंशी. मधली सगळी मिळून चव्वेचाळीस. क्रमांक अकरा, कुपर्स, ओडा—" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या म्हाताऱ्याला आज नाटक करायची हौस आली होती. "तीनशे एक्केचाळीस."

बायकांनी जो जल्लोष केला तो नदीपलीकडच्या गावात ऐकू गेला असं पुढे वर्षानुवर्षं सांगत. ड्रीकने ओडाला उचलून वर धरलं आणि साहेबासमोरच ओरडला, "ही माझी बायको!" वाउटर्ससाहेब पायरीवर तसेच उभे होते, वर धरलेले हात खाली आणायचेही विसरून. फादर त्यांच्या कानाशी झुकले. "साहेब, रिबीन बरीच लांब निघाली."

साहेबांनी हात खाली घेतले. पण ते हिशेबी गृहस्थ होते. सातवी जागा कुणामुळे आली, हे त्यांना फळ्याशिवायही कळत होतं. ते पायऱ्या उतरून ओडापाशी आले, टोपी काढली. "ओडाबाई, तो तलाव. किती फळ्या लागतील?"

उजव्या बाजूला पाळक आपल्या माणसांकडे एकेक करून निरखून बघत होते. अडुसष्ट जण. कोण असतील? त्यांच्या शेजारी त्यांची छोटीशी, गोरीपान बायको उन्हाकडे डोळे किलकिले करून पाहत होती. "काय बाई दिवस आलेत," ती म्हणाली.

*

तलावाचा ठराव जूनमध्ये आला. पंचायतीत पुरुषांनी दोन तास वाद घातला, कारण न घालता मंजूर करणं त्यांना बरं दिसलं नसतं. मग ओडा उठली. तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून सगळ्यांना गप्प बसावं लागलं, आणि हळू आवाजाचा हा उपयोग तिला त्या दिवशी कळला. ती तीन वाक्यं बोलली: मुलींचे वार, मुलांचे वार, आणि रविवारचं कुलूप. दोन्ही बाजूंना नाही म्हणायला काही उरलं नाही. अकराच्या अकरा हात वर झाले.

एकोणसाठच्या जुलैत, मंगळवारी, म्हणजे मुलांच्या दिवशी, आरीने या काठापासून त्या काठापर्यंत पोहून दाखवलं. मधे एकदा तो थांबला, पाणी प्याला, आईकडे बघून हात हलवला आणि त्या नादात बुडता बुडता पुन्हा पोहायला लागला. पलीकडे फळीला हात लावून तो ओरडला, "बूट काढून ठेवले होते मी!"

काठावर गवतात चादर पसरून ओडा आणि हिल्ला बसल्या होत्या. चादर तीच होती. हिल्लाने बेकरीतला मनुकापाव आणला होता, अजून कोमट. ओडाने तो दोन वर्षांपूर्वी खिडकीतून नुसता हुंगला असता. आता तिने मोठा तुकडा मोडला, क्रूसाची खूण केली आणि खाल्ला. हिल्लाने थर्मासमधून कॉफी ओतली, साखरेची डबी उघडली आणि चिमटा हातात घेऊन थांबली. दीड वर्षात तिने कधी विचारलं नव्हतं, पण कॉफीचा तो कडू पेला तिने पाहिला होता.

"एक?"

पाण्यात आरी परत निघाला होता. या वेळी न थांबता.

"तीन," ओडा म्हणाली. "आणि तू ढवळू नकोस, मी ढवळते."